फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर केमो: सुरू होण्याआधी घरात काय तयारी हवी?

प्रश्न: माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत, शेती करतात. आम्ही फलटणजवळच्या गावात राहतो, उपचार पुण्यात चालू आहेत. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. गाठ साडेतीन सेंटिमीटरची होती. रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या एका लिम्फ नोडमध्ये (रसग्रंथीत) कॅन्सर, स्टेज २ बी असं आलं आहे. डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड या औषधांच्या चार केमो सांगितल्या आहेत. बाबांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. त्यांना आम्ही "गाठ होती, काढली, आता फक्त ताकदीची सलाइन द्यायची आहेत" एवढंच सांगितलं आहे. त्यांना केमो झेपेल का? आम्ही काय तयारी करू? आणि नातेवाइकांनी सुरू केलेला गुळवेलीचा काढा चालू ठेवला तर चालेल का?

उत्तर:

ताई, तुम्ही काढ्याबद्दल विचारलंत, शुगरबद्दल सांगितलंत, त्या सगळ्यावर येतो. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट म्हणजे "ताकदीची सलाइन". तयारीची सुरुवात तिथूनच करायला हवी. बाबांना खरं काय ते सांगा, आणि पहिल्या केमोच्या आधी सांगा.

हे मी तत्त्वाची गोष्ट म्हणून सांगत नाही, त्यांच्या जिवाच्या सुरक्षेसाठी सांगतोय. केमोच्या बहुतेक धोक्यांची पहिली चाहूल फक्त रुग्णाला लागते. कानात गुणगुण सुरू होणं, पायाच्या बोटांना मुंग्या येणं, संध्याकाळी अंगात हुडहुडी भरणं, दिवसभरात लघवीला एकदाच जाणं. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. ज्या माणसाला आपल्या अंगात काय औषध गेलंय हे ठाऊक नाही, तो थंडी वाजली की गोधडी ओढून झोपतो. आपल्याकडचे शेतकरी, विशेषतः त्या वयाचे पुरुष, दुखणं अंगावर काढण्यात पटाईत असतात. "पोरांना कशाला त्रास" म्हणून गप्प बसतात. केमोमध्ये माझ्या पाहण्यात जे रुग्ण गंभीर झाले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं औषध चुकलं नव्हतं. त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी सांगायला एक-दोन दिवस उशीर केला होता.

बरं, बाबांना काहीच माहीत नाही असं तुम्हाला वाटतंय, त्याचीही मला शंका आहे. कॅन्सर वॉर्डाची पाटी त्यांनी वाचलेली असते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलणं झालेलं असतं. घरचे आपल्यापासून काहीतरी लपवताहेत हे कळलं की माणूस प्रश्न विचारणं बंद करतो, आणि आतल्या आत सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतो.

सांगायचं कसं, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी कल्पना देऊन ठेवा आणि त्यांच्यासमोर, बाबा खुर्चीवर बसलेले असताना, तुम्ही आणि आई जवळ असताना हे बोलणं होऊ द्या. शेतकऱ्याला समजावायला सोपं आहे: तण उपटून काढलं तरी मातीत बी राहिलेलं असू शकतं, ते दिसत नाही, उगवू नये म्हणून हे औषध. कॅन्सर हा शब्द टाळू नका, पण त्याच वाक्यात "सगळी दिसणारी गाठ काढून झाली आहे" हेही सांगा. ते खरं आहे आणि मोठ्या दिलाशाचं आहे.

आता "झेपेल का". त्यांची फाइल मी पाहिलेली नाही, म्हणून अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण हा निर्णय कशावर ठरतो ते सांगतो. वय ६१ ही अडचण नाही. बाबा दिवसभर काय करतात हे महत्त्वाचं. स्वतःची आंघोळ स्वतः करतात, अंगणात फिरतात, दिवसातला बराचसा वेळ अंथरुणाबाहेर असतात, तर बहुधा झेपेल. अजून निम्म्याहून अधिक दिवस पडून असतील तर थोडं थांबून आधी ताकद भरून काढावी लागेल. केमो साधारणपणे ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुरू करतात. जखम भरलेली हवी, ताप नको, छातीत पाणी किंवा पू नको. पण दोन-तीन आठवडे मागेपुढे झालं म्हणून हाय खाऊ नका. अमेरिकेतल्या रुग्णनोंदींच्या एका मोठ्या अभ्यासात, चार महिन्यांपर्यंत उशिरा केमो सुरू झालेल्यांमध्येही, केवळ ऑपरेशनवर थांबलेल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. जखम कच्ची असताना घाई करण्यात काहीच हशील नाही.

फायदा किती, हे बाबांनी विचारलं तर खरं उत्तर द्यावं लागेल. सिस्प्लॅटिनच्या पाच मोठ्या चाचण्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतर केमो घेतलेल्यांमध्ये पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे शंभरातली पाच माणसं जास्त. लिम्फ नोडपर्यंत आजार गेलेल्यांना, म्हणजे बाबांसारख्यांना, केमो सांगितली जाते ती याच आधारावर. त्याच चाचण्यांत केमोच्याच त्रासाने दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. हे दोन्ही आकडे ऐकून बाबा "घ्यायची" म्हणतील किंवा "नको" म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर घेतली असती. पण निर्णय त्यांचा.

एक गोष्ट मात्र केमोच्या आधी विचारलीच पाहिजे, कारण तिच्यावर पुढची सगळी दिशा ठरते. काढलेल्या गाठीची ईजीएफआर, एएलके (कॅन्सरच्या पेशींच्या जनुकांतले बदल) आणि पीडी-एल१ (त्या पेशींवरचं एक प्रथिन) ही तपासणी झाली का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. आपल्याकडच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांत ईजीएफआरचा बदल बऱ्याच जणांत सापडतो, विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांत तर जास्तच. तो नेहमीच्या प्रकारांपैकी असेल तर ऑपरेशननंतर, बहुतेकदा केमो झाल्यावर, ओसिमर्टिनिबची गोळी तीन वर्षं देतात. त्या औषधाच्या चाचणीत स्टेज २ ते ३ए च्या रुग्णांत पाच वर्षांनी गोळी घेणारे ८५ टक्के, न घेणारे ७३ टक्के हयात होते. एएलके सापडलं तर अलेक्टिनिब दोन वर्षं, आणि त्या चाचणीत ते केमोच्या ऐवजीच दिलं होतं. म्हणजे तुमच्या घरातला "केमो की नाही" हा प्रश्नच कदाचित बदलेल. पीडी-एल१ जास्त असेल तर केमोनंतर इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणाऱ्या औषधांचा) विचार होतो. गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो, त्यावरच हे होतं. पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ही औषधं महाग आहेत, हे खरं. पण पर्याय माहीत असणं आणि परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली नसेल तर दुसरीसाठी धडपडताही येत नाही.

आता औषधांकडे. पेमेट्रेक्सेडची तयारी एक आठवडा आधी सुरू होते आणि ती चुकली तर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार खाली जातात, तोंड येतं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पहिल्या केमोच्या किमान पाच ते सात दिवस आधीपासून रोज, आणि शेवटच्या केमोनंतरही तीन आठवडे. बी-१२ चं इंजेक्शन पहिल्या केमोच्या आधीच्या आठवड्यात, मग दर नऊ आठवड्यांनी. इथे एक अडचण येते: आपल्याकडच्या दुकानात फॉलिक अ‍ॅसिड मागितलं की ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. पेमेट्रेक्सेडसोबत लागणारा डोस १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे चिठ्ठीवर लिहिलेलीच ताकद घ्या, "तेच आहे हो" म्हणून दिलेली घेऊ नका. अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथासोनच्या गोळ्या केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असतात.

हे डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड, आणि बाबांना शुगर आहे. त्या तीन-चार दिवसांत साखर ३०० च्या पुढे गेली तर आश्चर्य वाटायला नको. घरी ग्लुकोमीटर हवाच. पहिल्या केमोच्या आधी शुगरच्या डॉक्टरांना भेटून "स्टेरॉइडच्या दिवसांत किती इन्सुलिन, आणि उलट्या होऊन जेवण गेलं नाही तर कोणती गोळी थांबवायची" हे कागदावर लिहून घ्या. दोन्ही गोष्टी हव्यात. साखर वाढते तशी ती उपाशीपोटी धोकादायक खालीही जाते.

सिस्प्लॅटिन हे जुनं, खात्रीचं औषध आहे, पण किडनी, कान आणि नसा या तीन ठिकाणी ते इजा करतं. शुगरने यातल्या दोन जागा आधीच कमकुवत केलेल्या असू शकतात. म्हणून "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढ्या एका किडनीच्या रक्ततपासणीवर समाधान मानू नका. ऑपरेशननंतर वजन आणि स्नायू घटलेल्या माणसाचं क्रिएटिनिन चांगलं दिसतं आणि किडनीची खरी ताकद कमी असते. वय आणि वजन धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचा हिशोब) काढला का, ते विचारा. कानांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केमोच्या आधी एकदा करून ठेवली की पुढे तुलना करता येते. आणि पायांना आत्ताच मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर हे आजच सांगा. अशा वेळी सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन हे त्याच जातीचं दुसरं औषध देण्याचा विचार होतो. तो निर्णय पहिल्या केमोच्या आधी झाला तर उत्तम, तिसऱ्या केमोनंतर नसांचं नुकसान बरंचसं झालेलं असतं.

किडनीच्या संदर्भात एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बरगड्यांमधून ऑपरेशन झालेल्यांना छातीच्या त्या बाजूला महिनोन्‌महिने चमका, जळजळ होत राहते. मग गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणलं जातं. सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड चालू असताना या गोळ्या घातक आहेत. घरातल्या डब्यातल्या अशा गोळ्या काढून टाका. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. नसांच्या वेदनेसाठी वेगळी औषधं आहेत आणि ती जास्त लागू पडतात.

उलट्यांची भीती लोकांच्या मनात जुन्या काळची आहे. सिस्प्लॅटिनने उलट्या होतात हे खरं, पण आता अ‍ॅप्रेपिटंट, ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन अशी चार औषधं मिळून त्या बऱ्याच रोखतात. ओलान्झापिनने दिवसभर गुंगी येते अशी तक्रार असायची. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमचा छोटा डोस १० मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला आणि गुंगी कमी आली. मळमळ खरी वाढते ती दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, घरी आल्यावर. म्हणून "आज बरं वाटतंय" म्हणून घरच्या गोळ्या बंद करू नका. बद्धकोष्ठ होतंच, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून ठेवा. स्टेरॉइडने उचकी लागते, ती घाबरण्यासारखी नसते, पण थांबत नसेल तर औषध आहे. केस या दोन औषधांनी सहसा विरळ होतात, टक्कल पडेलच असं नाही.

केमोचा दिवस लांबलचक असतो. आधी सलाइन, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, मग पेमेट्रेक्सेड दहा मिनिटांत, मग सिस्प्लॅटिन एक-दोन तास, मग पुन्हा सलाइन. सकाळी गेलात तर संध्याकाळ होते. पहिल्या खेपेला त्याच रात्री फलटणला परतू नका, पुण्यात मुक्काम करा. पुढचे दोन-तीन दिवस अडीच-तीन लिटर पाणी, ताक, पेज, सरबत पोटात जायला हवं, अर्थात हृदयाचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. चार केमोंसाठी हाताच्या शिरा चांगल्या असतील तर पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवतात ती छोटी डबी) लागतोच असं नाही. शिरा सापडत नसतील तर पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत घालतात ती लांब नळी) किंवा पोर्टबद्दल आधीच बोला.

आता तापाची रात्र. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, अथवा ताप नसतानाही थरथरून थंडी, म्हणजे तातडी. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. घामाघूम होऊन ताप उतरला तरी जायचंच. अँटिबायोटिक शिरेतून लवकरात लवकर, शक्यतो पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवं. तुम्ही फलटणजवळ आहात, पुणे गाठायला वेळ लागतो. म्हणून आत्ताच, केमोच्या आधी, फलटणमधलं किंवा जवळचं असं हॉस्पिटल शोधा जिथे रात्री दोन वाजता सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) होते आणि शिरेतून अँटिबायोटिक देता येतं. तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून फाइल दाखवून या. पुण्याच्या वॉर्डचा रात्री लागणारा फोन नंबर भिंतीवर लावा. गाडी कोणाची, चालवणार कोण, हे ठरवून ठेवा. डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एक बिघडला तर दुसरा असावा.

तापाखेरीज आणखी काही गोष्टींना थांबायचं नाही: अचानक दम लागणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत नवीन दुखणं, चोवीस तास पाणीही न टिकणं, लघवी फार कमी होणं. सिस्प्लॅटिनच्या काळात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि बाबांच्या छातीचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हणून पोटरीची सूज "प्रवासाने आली असेल" म्हणून सोडू नका.

काढा बंद करा. गुळवेल "नैसर्गिक आहे, काय होणार" असं वाटतं, पण कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण पाहिले आणि ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. केमोच्या मध्येच लिव्हरचे आकडे वाढले तर कशामुळे वाढले हे कळत नाही, आणि केमो लांबते. गव्हांकुराचा कच्चा रस, पपईच्या पानांचा रस, कुणी दिलेली भस्मं यांचंही तेच. देणाऱ्या नातेवाइकांचं मन मोडायला नको असेल तर माझ्यासारख्या डॉक्टरांवर ढकला: "डॉक्टरांनी चार महिने सक्त मना केलंय." आणि गुपचूप काही दिलंच असेल, तर रागावणार नाही अशा शब्दांत बाबांना विचारा आणि डॉक्टरांना कळवा.

जेवणात पथ्यांची यादी करू नका. ऑपरेशननंतर घटलेलं वजन भरून येणं जास्त गरजेचं आहे. अंडी, डाळ, उसळ, पनीर, दूध, खात असतील तर मासे-चिकन नीट शिजवून. शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ, जे आवडतं ते थोडं थोडं पाच-सहा वेळा. शुगरच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. घरचं ताजं, शिजवलेलं अन्न, धुऊन सोललेली फळं चालतात. बाहेरचा उसाचा रस, भेळ, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं नकोत.

या दोन-तीन आठवड्यांत उरकायच्या बाकी गोष्टी भराभर सांगतो. दुखरा दात असेल तर आत्ताच काढून किंवा भरून घ्या, हिरडी भरायला वेळ हवा. फ्लूची आणि न्यूमोकोकलची लस केमोच्या निदान दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून. हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी झाली आहे का बघा, कारण दबलेला विषाणू केमोत उसळू शकतो. पूर्वी टीबी झाला असेल तर सांगा. तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) कपाटात गेला असेल तर बाहेर काढा. रोज तो, खांद्याचे व्यायाम आणि सकाळ-संध्याकाळ चालणं. बाबा विडी ओढत असतील, तंबाखू मळत असतील किंवा घरात कुणी मिश्री लावत असेल, तर आता सगळ्यांनी मिळून सोडा; १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर मदत मिळते. आई चुलीवर स्वयंपाक करत असतील तर बाबांची झोपायची जागा धुरापासून लांब हवी.

बाबांची ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. नातवंडं मांडीवर बसू शकतात, फक्त सर्दी-ताप असलेली नकोत. केमोनंतर दोन दिवस संडासात भरपूर पाणी ओता, ओकारी-लघवी साफ करताना हातमोजे घाला, एवढं पुरे.

पैशांचं: महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि केमो त्यात येते, पण हॉस्पिटल योजनेत असायला हवं आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) रेशनकार्ड आणि आधार घेऊन केमोच्या तारखेच्या आधीच भेटा.

आणि एक वही करा. बाबांच्या हाताने लिहिलेली असली तर फारच छान. तारीख, ताप, वजन, साखर, किती पाणी, संडास झाली का, कानात आवाज, पायाला मुंग्या. रोज दोन ओळी. दर केमोला डॉक्टरांकडे ती वही बाबांनी स्वतः द्यावी, तुम्ही नाही.

तुम्हाला पाच आठवडे झालेत, म्हणजे केमोची तारीख जवळ आली आहे. उद्या सकाळी वॉर्डला फोन करून तीन गोष्टी विचारा: पहिल्या केमोची तारीख कोणती, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ कधी सुरू करायचं, आणि ईजीएफआरचा रिपोर्ट आला का. रिपोर्ट पाठवलाच नसेल, तर ब्लॉक कुठे आहे ते विचारून उद्याच पाठवायला सांगा.